आमदार आणि आपल्या भागाची सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातले मतदार पोलीस, गुन्हेगारी आणि अंतर्गत सुरक्षा या विषयांवर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ असतो. आमदाराने ठाण्यात फोन करावा, एवढंच मागितलं जातं. प्रश्न, निधी आणि पाठपुरावा मागितला जात नाही. जिवाला धोका असेल तर आधी ११२ फिरवा, हे पान नंतर वाचा.

१. पोलीस आमदाराच्या हाताखाली येतात का?

नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. म्हणजे विषय राज्याचा. पण कारभार गृहखात्याचा: महासंचालक, मग आयुक्त किंवा अधीक्षक, मग ठाण्याचे प्रभारी. या साखळीत आमदार कुठेच बसत नाही, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना. त्याचं बळ दुसरीकडे आहे. तो गृहमंत्र्याला सभागृहात जाब विचारू शकतो, गृहखात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (रक्कम घटवण्याचा प्रस्ताव) देऊ शकतो, कायदा करताना दुरुस्ती सुचवू शकतो. शिवाय वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी त्याच्या शिफारशीने खर्च होतो.

२. मग खासदाराकडे काय न्यायचं आणि नगरसेवकाकडे काय?

दहशतवादविरोधी केंद्रीय कायदे, २६/११ नंतर २००८ च्या कायद्याने उभी राहिलेली राष्ट्रीय तपास यंत्रणा, विमानतळावरचं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, तटरक्षक दल हे खासदाराचे विषय. गल्लीतल्या चोऱ्यांबद्दल खासदाराने लोकसभेत विचारलं तर ‘पोलीस हा राज्याचा विषय आहे’ एवढंच उत्तर येतं आणि तीन महिने फुकट जातात. बंद पथदिवे, झाडीने झाकलेला रस्ता, पदपथ अडवणाऱ्या टपऱ्या यांसाठी वॉर्ड ऑफिस किंवा ग्रामपंचायत. पुष्कळदा सुरक्षेची तक्रार ही दिव्याचीच तक्रार निघते.

३. ठाण्यात एफआयआर घेत नाहीत. आमदाराने फोन केला तर घेतील ना?

घेतीलही, पण फोनची नोंद कुठेच राहत नाही आणि पुढे तपास रेंगाळला की तुमच्या हातात काही उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतला रस्ता धरा. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर ठाणे अंमलदाराची सही, शिक्का आणि वेळ घ्या. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला ती घ्यावी लागते. ऑनलाइन पाठवली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची, नाहीतर ती नोंदली जात नाही. इथे बरेच जण चुकतात. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे गुन्हे असतील तर उपअधीक्षकांच्या परवानगीने पोलीस १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. या मुदतीत ‘एफआयआर घेत नाहीत’ म्हणणं घाईचं ठरतं.

तरीही नकार मिळाला तर कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा. तिथेही काही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जा, कलम १७५(३) प्रमाणे. आमदाराकडून यात एकच गोष्ट मागा: ‘या तारखेच्या या तक्रारीवर काय निर्णय झाला’ असं विचारणारं अधीक्षकांच्या नावचं पत्र.

उलट मागणी, म्हणजे ‘गुन्हा घेऊ नका’ म्हणून दबाव, कधीही करू नका. बुलढाणा जिल्ह्यातल्या सावकारीच्या तक्रारी एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध होत्या. त्या नोंदवू नयेत म्हणून मुख्यमंत्री कार्यालयातून फोन गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारवर १० लाख रुपयांचा खर्च बसवला.

४. आमदाराकडे जाताना काय न्यावं?

एका पानाचा अर्ज. वर पोलीस ठाण्याचं नाव आणि बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग), मग घटनांच्या तारखा, गुन्हा नोंद असल्यास त्याचा क्रमांक व वर्ष, आतापर्यंत कोणाकडे काय दिलं त्याच्या पोचेच्या प्रती आणि शेवटी नेमकी एक मागणी. ‘परिसरात असुरक्षित वातावरण आहे’ या वाक्यावर कोणताही स्वीय सहायक काही करू शकत नाही. ‘रात्री १ ते ४ मध्ये गस्तीची गाडी येत नाही, गेल्या दोन महिन्यांत अमुक गल्लीत चार घरफोड्या’ यावर करू शकतो. दोनशे सह्या जोडण्यापेक्षा चार एफआयआरच्या प्रती जोडा.

५. आमच्या भागातल्या गुन्ह्यांवर विधानसभेत प्रश्न कसा विचारून घ्यायचा?

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. तारांकित यादीत आला म्हणजे प्रश्न पुकारला जाईलच असं नाही, कारण प्रश्नोत्तराचा तास हा तासाभराचाच असतो. वेळ संपली की उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. गंमत अशी की आकडे हवे असतील तर लेखी उत्तरच जास्त कामाचं. तोंडी उत्तरात भाषण मिळतं, लेखीत तक्ता.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे आणि तो जाणून मसुदा दिला तर कार्यालयाचं काम निम्मं होतं. नमुना असा:

(१) अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत मागील तीन वर्षांत घरफोडीच्या गुन्ह्यांत वाढ झाली आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, वर्षनिहाय नोंद झालेले व उघडकीस आलेले गुन्हे किती. (३) उक्त ठाण्यात मंजूर, भरलेली व अन्यत्र प्रतिनियुक्तीवर पाठविलेली पदे किती. (४) असल्यास, रिक्त पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तिसरा भाग कधी गाळू नका. मंजूर पदं कागदावर पुरेशी दिसतात. प्रत्यक्षात माणसं बंदोबस्त, न्यायालयाची कामं आणि प्रतिनियुक्ती (तात्पुरती दुसरीकडे नेमणूक) यांत वाटली गेलेली असतात. ‘प्रतिनियुक्तीवर पाठविलेली’ हे शब्द नसतील तर उत्तरात ती संख्या येणार नाही.

प्रश्न फेटाळला जातो तो बहुधा या कारणांनी: विषय न्यायप्रविष्ट आहे, मत किंवा आरोप विचारला आहे, एका प्रश्नात तीन विषय कोंबले आहेत, किंवा विषय महापालिकेचा आहे. आणखी एक अडचण वेळेची. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी दाखल करावे लागतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. त्याआधी निदान दोन महिने मसुदा द्या. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विधानभवनाबाहेर गाठून उपयोग नाही.

६. घटना आजच घडली आहे. तोवर थांबायचं का?

नाही. त्यासाठी लक्षवेधी सूचना (विधानसभेत नियम १०५), औचित्याचा मुद्दा, किंवा फार गंभीर असेल तर नियम ९७ खाली स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून त्या विषयावर चर्चेची मागणी). स्थगन प्रस्ताव क्वचितच स्वीकारला जातो, पण तो मांडण्याच्या निमित्ताने विषय नोंदीत येतो.

१८ ऑगस्ट २०२२ चं उदाहरण घ्या. रायगडमध्ये हरिहरेश्वरजवळ एक निर्मनुष्य बोट लागली आणि तिच्यावर तीन एके-४७ रायफली सापडल्या. अधिवेशन चालू होतं, विषय लगेच सभागृहात आला आणि गृहमंत्र्यांनी त्याच दिवशी निवेदन केलं: बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, इंजिन बिघडल्यावर खलाशांना वाचवलं गेलं आणि ती वाहत इकडे आली. अफवांना अर्ध्या दिवसात लगाम बसला. अधिवेशन नसेल तर मात्र हा मार्ग बंद. तेव्हा गृहमंत्र्यांना पत्र आणि अधीक्षकांशी बैठक एवढंच हाती राहतं.

७. मंत्र्यांनी सभागृहात ‘कारवाई करू’ म्हटलं आणि विसरले. आता?

आश्वासन समिती नेमकी याचसाठी आहे. सभागृहात दिलेलं आश्वासन ९० दिवसांत पूर्ण करायचं असतं. नाही झालं तर समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते. तुम्ही करायचं काम सोपं पण कंटाळवाणं: त्या दिवसाच्या कार्यवाहीतून मंत्र्यांचं वाक्य शब्दशः काढा, तारीख लिहा आणि ते आमदाराच्या हाती द्या. ‘तपासून पाहू’ हे सैल वाक्य आहे, त्याचं आश्वासन म्हणून फारसं वजन पडत नाही. ‘तीन महिन्यांत चौकी सुरू करू’ हे पडतं. म्हणून उपप्रश्न विचारतानाच आमदाराने मुदत वदवून घ्यावी. याखेरीज नागरिक थेट विनंती अर्ज समितीकडेही जाऊ शकतात. त्या अर्जावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

८. आमदार निधीतून चौकात सीसीटीव्ही बसवायचे आहेत. कसं करायचं?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत जास्त फसणारा विषय. आमदार शिफारस करतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम अंमलबजावणी यंत्रणा करते. मोठं काम असेल तर जिल्हा नियोजन समितीचा निधी बरा. ‘आमदारांनी कॅमेरे दिले’ असा फलक लागतो, पण तीन गोष्टी लेखी ठरल्या नसतील तर दीड वर्षात फलक उरतो आणि कॅमेरे बंद पडतात: वीजबिल कोण भरणार, इंटरनेट कोणाचं, देखभाल करार किती वर्षांचा. निधी उभारणीला मिळतो, दरमहाच्या खर्चाला नाही. तेव्हा पोलीस किंवा पालिकेचं ‘आम्ही ताब्यात घेऊ’ हे पत्र आधी, कामाची शिफारस नंतर.

जागा पोलिसांकडून ठरवून घ्या. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० ठिपके रुंद असतं. अनोळखी माणसाची ओळख पटायला दर मीटरला सुमारे २५० ठिपके लागतात, म्हणजे एक कॅमेरा जेमतेम साडेसात मीटर रुंदीवर चेहरा देतो. ३० मीटरचा चौक एकाच कॅमेऱ्यात धरला तर दर मीटरला ६४ ठिपके उरतात: कोणीतरी गेलं एवढं दिसेल, कोण ते नाही. म्हणून चौकाच्या मध्यावर एक मोठा कॅमेरा लावण्याऐवजी आत येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एकेक लावा आणि गाडीच्या नंबरासाठी वेगळा, खालच्या कोनातला घ्या.

साठवणूकही मोजून मागा. एच.२६५ (चित्रण कमी जागेत साठवण्याची) पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचं दिवसाला २१.६ जीबी, ३० दिवसांचं सुमारे ६५० जीबी. १६ कॅमेऱ्यांना १०.४ टीबी होतात, म्हणजे १२ टीबीची डिस्क हवी. निविदेत ४ टीबी लिहिली की चित्रण अकरा-बारा दिवसांत पुसलं जातं आणि तक्रार पंधराव्या दिवशी येते.

पुराव्याची गोष्ट वेगळी. रेकॉर्डरचं घड्याळ सात मिनिटं मागे असेल तर आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो. दर आठवड्याला ते जुळवा. चित्रण मोबाइलवर शूट करून पाठवू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) प्रमाणपत्र लागतं, ते मूळ रेकॉर्डरवरून काढलेल्या प्रतीलाच.

वेळ किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर मुंबईचं पाहा. २००८ च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांची मागणी झाली, निविदा वारंवार फसल्या आणि सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं जाळं पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं.

९. नवीन पोलीस ठाणं मिळेल का?

लवकर नाही. अधीक्षकांचा प्रस्ताव, महासंचालकांचं कार्यालय, गृह विभाग, मग वित्त विभागाची पदांना मान्यता असा प्रवास आहे आणि अडतं ते पदांवर, इमारतीवर नाही. लोकसंख्या, वार्षिक गुन्हे, हद्दीचं क्षेत्रफळ आणि शेवटच्या गावाचं ठाण्यापासूनचं अंतर एवढी माहिती प्रस्तावात नसेल तर तो परत येतो. तोवर चौकी मागा. आमदार निधीतून खोली बांधता येते. हवालदार मात्र निधीतून बांधता येत नाही. कुलूप लागलेल्या चौक्या त्यामुळेच दिसतात.

१०. वस्तीतल्या गुंडाला आमदाराने तडीपार करून घ्यावं, हे शक्य आहे?

तडीपारी आमदार करत नाही आणि त्याच्या पत्रावर झाली तर ती टिकत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ५६ लागतं. आयुक्तालयात पोलीस उपायुक्त, जिल्ह्यात उपविभागीय दंडाधिकारी आदेश देतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आधी कलम ५९ ची नोटीस, नंतर कलम ६० खाली ३० दिवसांत सरकारकडे अपील.

रहिवाशांचा खरा उपयोग जबाबात. भीतीमुळे लोक उघड साक्ष देत नाहीत हा या कारवाईचा पायाच आहे, म्हणून नाव न उघडता गोपनीय जबाब घेतले जातात. ‘तो सगळ्यांना त्रास देतो’ असा जबाब कुचकामी. दिवस, वेळ, ठिकाण आणि हातातलं हत्यार सांगणारे दोन जबाब भारी. आदेश कोसळतात ते जुन्या, शिळ्या गुन्ह्यांवर आधारल्यामुळे, किंवा एका तालुक्याचा त्रास असताना चार जिल्ह्यांतून हद्दपार केल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या प्रकरणात आदेश रद्द करताना बजावलं की हा असाधारण उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर तसा विचार आदेशात दिसला पाहिजे.

११. पीआय (पोलीस निरीक्षक) साहेब चांगले आहेत, बदली थांबवा. किंवा: वाईट आहेत, बदली करा.

दोन्हींचं उत्तर एकच. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर पोलीस अधिनियमात कलम २२एन आलं. उपनिरीक्षक ते निरीक्षक यांना एका ठाण्यात साधारण २ वर्षं, जिल्ह्यात ४, परिक्षेत्रात (काही जिल्ह्यांच्या गटात) ८. शिपाई-हवालदारांना एका जागी ५ वर्षं. मुदतीआधी बदलीला कारण नोंदवावं लागतं. आमदाराचं शिफारसपत्र हे कारण होत नाही, उलट बाहेरून वजन आणल्याबद्दल १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली अधिकारीच अडचणीत येतो. अधिकारी वाईट असेल तर बदलीची मागणी सोडा, वर्तनाची तक्रार करा (प्रश्न १६).

१२. शाळेजवळचं दारूचं दुकान आणि रोजची भांडणं. मतदानाने बंद होतं ना?

होतं. २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्यांनिशी राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. आडवी म्हणजे बंद.

इथली मेख लक्षात घ्या. बहुमत मतदानाला आलेल्यांचं नको, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त हवं. म्हणजे मयत, लग्न होऊन गेलेल्या, घर बदललेल्या मतदारही दुकानाच्या बाजूनेच मोजल्या जातात. आधी मतदार यादी साफ करा, मग अर्ज द्या. आमदाराची मदत त्या दुरुस्तीत आणि मतदानाच्या दिवशीच्या बंदोबस्तात मागा.

१३. शांतता समितीवर आमदाराची माणसं भरलेली असतात. उपयोग काय?

तशी भरलेली असेल तर थोडाच. भिवंडीचं उदाहरण आजही दिलं जातं: १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत पुढारी नव्हे, दोन्ही समाजांतली साधी माणसं होती आणि ती नळावरच्या, गल्लीतल्या किरकोळ भांडणांसाठीही नियमित भेटत. सणाच्या आदल्या दिवशी चहा पिऊन फोटो काढणाऱ्या समितीकडून ते होणार नाही. आमदाराने बैठकीला यावं, अध्यक्षपद घेऊ नये.

१४. आम्ही किनाऱ्यावर राहतो. समुद्राची सुरक्षा कोणाची?

राज्याच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यालगत १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल. संशयास्पद बोट दिसली तर १०९३ (सागरी पोलीस) किंवा १५५४ (तटरक्षक दल). सांगताना बोटीचं नाव, ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, रंग, माणसं किती, दिशा आणि वेळ. जवळ जाऊन फोटो काढू नका.

आमदाराकडून ‘बोटी किती’ हे विचारून घेऊ नका, तो आकडा छान दिसतो. विचारा: चालू स्थितीत किती, मागील वर्षात प्रत्येकीचे गस्तीचे तास किती, डिझेलची तरतूद आणि खर्च किती, तांत्रिक पदं किती रिकामी.

१५. जनसुरक्षेसारख्या मोठ्या कायद्यात एकटा आमदार काय करणार? आणि आम्ही?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे लोकांच्या १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी परिषदेने ते मंजूर केलं तेव्हा मजकूर पहिल्यासारखा नव्हता: उद्देशातला ‘व्यक्ती आणि संघटना’ हा व्यापक रोख कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरता आणला गेला आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. विरोधकांचे मूळ आक्षेप, विशेषतः ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येच्या सैलपणाबद्दलचे, कायम राहिले. म्हणजे समितीच्या टप्प्यावर शब्द हलतात, सभागृहात क्वचित. हरकत देताना कलमाचा क्रमांक लिहा आणि पर्यायी शब्दरचना सुचवा. नुसता विरोध मोजला जातो, वाचला जात नाही.

मंजूर झालं म्हणजे लागू झालं असंही नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. केंद्रीय कायद्यात बदल असल्याने राष्ट्रपतींची मंजुरी लागत होती. ती न मिळाल्याने कायदा झालाच नाही. आमदाराच्या कार्यअहवालात ‘शक्ती कायदा आणला’ असं वाचलंत तर हे आठवा.

१६. तक्रार पोलिसांविरुद्धच आहे. किंवा आमदाराच्याच माणसाविरुद्ध. मग?

पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी (कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं) पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य आणि विभाग स्तरावर. तिथे आमदाराचं पत्र लागत नाही.

दुसऱ्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असू द्या. प्रश्न विचारायला त्याच मतदारसंघाचा आमदार लागत नाही. विधानसभेतल्या २८८ आणि परिषदेतल्या ७८ जणांपैकी कोणीही राज्यातल्या कुठल्याही ठाण्याबद्दल विचारू शकतो; पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाचे आमदार अशा वेळी उपयोगी पडतात. आणि गुन्हा खुद्द आमदारावर नोंदला गेला असेल तर सरकार बदललं म्हणून खटला गुपचूप मागे घेता येत नाही. १० ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते.

१७. स्टेशनवर चोरी झाली, किंवा आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. हेच लागू आहे का?

रेल्वे हद्दीत गुन्हा नोंदतात ते लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्याचेच, त्यामुळे आमदार विचारू शकतो. रेल्वे सुरक्षा दल मात्र केंद्राचं. प्रवासात मदतीला १३९. गोव्यात पद्धत साधारण अशीच, आमदार ४०. दिल्लीतल्या मराठी मंडळींना मात्र हे पान फारसं उपयोगाचं नाही: कलम २३९एए प्रमाणे तिथे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत, तिथे खासदारच गाठावा लागतो.